कड्यावरून खाडीकडे

आमच्या जव्हार तालुक्यातील दाभोसा गावी येणारा पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो धबधब्याच्या उंचीचा. साठी उलटलेला पाहुणा मात्र विचारतो, "खाली उतरायला पायऱ्या किती?" लेंडी नदीचे पाणी येथे सुमारे ३०० फूट खोल दरीत कोसळते. पावसाळ्यात त्याचा आवाज धबधबा दिसण्याआधीच कानी येतो. वरच्या कड्यावरून हे दृश्य डोळे भरून पाहता येते. परंतु पाण्याजवळ जायचे, डोहाच्या काठी बसायचे, तर दरी उतरावी लागते आणि उतरलेली प्रत्येक पायरी पुन्हा चढावी लागते. तरुणांना यात मौज वाटते. ज्यांचे गुडघे झिजले आहेत, त्यांच्यासाठी ती परीक्षाच असते.

पुष्कळांचा समज असतो की चढणे कठीण आणि उतरणे सोपे. दम लागण्याच्या बाबतीत तो खरा आहे. गुडघ्यांच्या बाबतीत मात्र उलट घडते. पायरी उतरताना शरीराचे वजन सावरण्यासाठी मांडीच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत काम करावे लागते आणि गुडघ्याच्या सांध्यावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. वृद्ध माणसे चढताना थांबतात. पडतात ती बहुधा उतरताना.

आपल्याकडील सहलीच्या जागा आठवून पाहा. गडकिल्ले उंचावर, जुनी देवस्थाने डोंगरावर, थंड हवेची ठिकाणे घाटमाथ्यावर. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना नकळत एक वाक्य ऐकावे लागते : "तुम्ही गाडीतच बसा, आम्ही लगेच जाऊन येतो." दोन-चार वेळा गाडीत बसून झाले की ती माणसे सहलीला येणेच सोडतात. मग डोंगर जमत नाही, म्हणून निसर्गच जमत नाही, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. या गृहीतकाला एक चांगले उत्तर आहे, ते म्हणजे पाणथळ जागा. ती सपाट असते. तेथे आपण एका जागी बसायचे. पाणी, पक्षी आणि प्रकाश आपल्यापाशी येतात.

तीन वर्षांचे अंगण

माझी आई ७८ वर्षांची आहे. तिचे सारे आयुष्य दाभोसा परिसरात गेले. मुलीच्या वयात ती या दऱ्यांमधून करवंदे आणि सरपण आणत असे. तीन वर्षांपूर्वी शेवाळलेल्या अंगणात ती पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. हाड उत्तम जुळले. ती काठी घेऊन चालू लागली. परंतु तिचे चालणे अंगणाच्या कडेपर्यंत येऊन थांबले.

शरीराला आता काही अडचण नव्हती, अडचण भीतीची होती. एकदा पडलेल्या वृद्धाच्या मनात पुन्हा पडण्याचे भय घर करते. त्या भयाने तो कमी चालतो. कमी चालल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. आम्ही डॉक्टर या भयाला दुखण्याइतकेच महत्त्व देतो. त्यावर गोळी नाही. सुरक्षित जागी, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा चालणे हाच उपाय आहे. घराच्या ओट्यावर दहा फेऱ्या मारा, असे सांगून ते होत नाही. चालायला काही कारण असावे लागते.

अशा वेळी ठाण्यात राहणाऱ्या मुलीने सुचवले, "आजीला ऐरोलीच्या खाडीवर नेऊ या."

प्रवास एक दिवस, सहल दुसरा दिवस

जव्हारहून ठाणे सुमारे १०० किलोमीटर आहे. विक्रमगड, मनोर आणि मग अहमदाबाद महामार्ग, असा आमचा रस्ता. जाऊन-येऊन सारे एका दिवसात उरकणे तरुण कुटुंबाला जमेल. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीसाठी मी ते कधीच सुचवणार नाही. सलग बसल्याने पायांतील रक्ताभिसरण मंदावते, पाय सुजतात आणि उतरताक्षणी सांधे आखडलेले असतात. म्हणून आम्ही आदल्या दिवशी मुलीकडे पोहोचलो. वाटेत दर तासा-सव्वातासाने गाडी थांबवली. आईने खाली उतरून चार पावले टाकली. गाडीत बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवण्याचा व्यायामही ती करत राहिली.

वृद्ध माणसे प्रवासात पाणी पीत नाहीत. वारंवार लघवीला जावे लागेल, स्वच्छतागृह मिळणार नाही, सर्वांना खोळंबा होईल, हा संकोच त्यामागे असतो. स्त्रियांमध्ये तो अधिक असतो. परंतु पाणी कमी पडले की उठून उभे राहताना रक्तदाब एकदम घसरतो, चक्कर येते आणि पुन्हा तेच, पडणे. पाणी तोडण्याऐवजी थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात आणि त्या वडीलधाऱ्यांना निघण्यापूर्वीच सांगाव्यात. पुढे सोय आहे हे ठाऊक असले की घोटभर पाणी निर्धास्तपणे प्यायले जाते.

खारफुटीच्या सावलीत

ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात निम्म्याहून अधिक खारफुटी आहे आणि उरलेले पाणी. २०२२ मध्ये या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर हा मान मिळालेले हे महाराष्ट्रातील तिसरे स्थळ. ऐरोली येथे राज्याच्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. माहिती देणारी दालने, खारफुटीतून जाणारी पायवाट आणि होडीतून पक्षी पाहण्याची सोय तेथे आहे.

आमचे सर्वांचे लक्ष होडीकडे होते. आईचे लक्ष मात्र पायवाटेने वेधून घेतले. दोन्ही बाजूंना दाट हिरवी झाडे आणि खाली चिकट, काळसर चिखल. त्या चिखलातून पेन्सिलीएवढी हजारो टोके वर आलेली. ही तिवराची श्वसनमुळे. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून हे झाड आपली मुळे वर पाठवून हवा घेते. खारट पाण्याचीही त्याने सोय केली आहे. शरीरात आलेले जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान बोटाने चोळून जिभेला लावले तर खारट लागते. आईला रक्तदाबासाठी मी वर्षानुवर्षे मीठ कमी करायला सांगत आलो आहे. मी हे समजावून सांगत असताना ती एवढेच म्हणाली, "झाडालासुद्धा पथ्य आहे म्हणायचं."

थोडे पुढे चिखलात काहीतरी टुणकन उडाले. बोटभर लांबीचा, डोक्यावर फुगीर डोळे असलेला मासा. ही निवटी. पाण्याबाहेर राहू शकणारा, पुढच्या परांवर सरपटत आणि उड्या मारत चालणारा हा मासा खाडीकाठच्या कोळी बांधवांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डोंगरातील नदीचे मासे आणि पावसाळी खेकडे पाहत वाढलेल्या माझ्या आईने चालणारा मासा आयुष्यात प्रथमच पाहिला. एक दिसली, मग दुसरी, मग बिळाशी एक पंजा मोठा असलेला खेकडा. प्रत्येक वेळी ती दोन पावले पुढे होत होती. एका हातात काठी, दुसरा हात मुलीच्या खांद्यावर. बरोबर आणलेल्या घडीच्या स्टुलावर ती तीनदा बसली आणि तीनदा आपणहून उठली. परत आलो तेव्हा मी घड्याळ पाहिले. विश्रांती धरून चाळीस मिनिटे झाली होती. तीन वर्षांत ती इतकी चाललेली नव्हती.

होडी आणि धक्का

होडीच्या फेऱ्या भरतीच्या वेळेवर अवलंबून असतात. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे "सकाळी दहाला जाऊ" असे घरी बसून ठरवता येत नाही. केंद्राकडे आधी चौकशी आणि नोंदणी करावी लागते. वृद्धांसोबत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची : धक्का आणि होडी यांच्या पातळीत फरक असू शकतो आणि होडी हलत असते. ज्याचा तोल कच्चा आहे त्याने हा एक क्षण हलक्यात घेऊ नये. पुढे एक आणि मागे एक असे दोन धडधाकट आधार हवेत, हात मोकळे हवेत, काठी दुसऱ्याकडे द्यावी, जीवरक्षक जाकीट आधीच घातलेले असावे आणि जागा होडीच्या मध्यभागी घ्यावी.

आई धक्क्यावर आली. तिने होडी पाहिली, पाणी पाहिले आणि म्हणाली, "मी इथंच बसते. तुम्ही जाऊन या."

मुलगी तिची समजूत घालू लागली. मी तिला थांबवले. नकार भीतीपोटी आहे की विचारपूर्वक, हे ओळखण्यासाठी मी रुग्णाला एकच प्रश्न विचारतो : का? आई म्हणाली, "चालून पाय भरलेत. आता उतरताना घसरले तर आजचा सगळा दिवस वाया जाईल. मला आजचा दिवस ठेवायचा आहे." यापेक्षा शहाणा निर्णय कोणत्या डॉक्टरने दिला असता? मी तिच्याजवळ बसलो.

बसण्याची पाळी खरे तर माझ्या पत्नीची ठरली होती. गेली तीन वर्षे आईचे औषध, अंघोळ, रात्रीचे उठणे, सारे तिनेच सांभाळले आहे. ती थांबायला तयार होती; आईनेच तिला सांगितले, "तू जा गं. तू कुठं काही पाहिलंस इतक्या वर्षांत?" पत्नी गेली. तासाभराने ती परतली तेव्हा उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती लहान मुलीसारखी भराभर बोलत होती : हजारो फ्लेमिंगो, उथळ पाण्यात माना खाली घालून, चोच उलटी धरून चिखल गाळणारे, मध्येच उडालेला थवा आणि त्यांच्या पंखांखालचा गर्द गुलाबी रंग. हा रंग त्यांना खाद्यातील शैवाल आणि बारीक जीवांतून मिळतो. हिवाळ्यात कच्छच्या रणाकडून आणि अन्यत्रून आलेल्या या पक्ष्यांची संख्या २०१९ च्या गणनेत एक लाखाच्या पुढे गेली होती.

आम्ही धक्क्यावरून काय पाहिले? दोन बगळे, एक खंड्या, दूरवर पाण्याच्या रेषेवर एक फिकट गुलाबी पट्टा. आईच्या डोळ्यांना तो दिसला की नाही, मला सांगता येत नाही. ती पाण्याकडे पाहत होती. "आपल्याकडं पाणी नुसतं पळतं," ती म्हणाली. "इथं बसलंय."

सांभाळणाऱ्याला सुट्टी मिळणे हा रुग्णसेवेचाच भाग आहे. थकलेल्या सेवेकऱ्याची चिडचिड, पाठदुखी, अनिद्रा यांचा भार शेवटी रुग्णावरच येतो. सहलीची आखणी करताना एक तास असा ठेवावा की जो नेहमी सांभाळतो त्याला कोणीही हाक मारणार नाही.

निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे असे काही

• हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा दम लागण्याचा त्रास असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

• लघवी वाढवणारी गोळी सुरू असल्यास ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

• मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. साखर किंवा ग्लुकोजची पुडी सोबत असावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत.

• घट्ट बसणाऱ्या, न घसरणाऱ्या तळाच्या चपला किंवा बूट घालावेत. नवे पादत्राण सहलीच्या दिवशी प्रथमच वापरू नये.

• खाडीकाठी हवा दमट असते आणि पाण्यावरून परतणारे ऊन डोळ्यांना त्रास देते. टोपी, गॉगल, घडीचे स्टूल आणि पाणी बरोबर असावे.

• विसरभोळेपणा वाढलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव, घरच्यांचा फोन क्रमांक आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवावी.

• जाण्यापूर्वी दूरध्वनी करून तीन गोष्टी विचाराव्यात : पायऱ्या आहेत का, बसायला जागा कोठे आहे आणि स्वच्छतागृह किती अंतरावर आहे.

• किती चालायचे आणि कोठे थांबायचे, हे वृद्ध व्यक्तीनेच ठरवावे. इतरांनी फक्त हात द्यावा.

• दुसरा दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि तिसऱ्या दिवसापासून घराजवळ थोडे चालणे सुरू ठेवावे. सहलीत मिळालेला आत्मविश्वास आठवडाभर बसून राहिल्यास ओसरतो. आई आता रोज सकाळी अंगणाच्या कडेपलीकडे, रस्त्यावरच्या आंब्यापर्यंत जाऊन येते.