हरता येईल असं जग

मुळशीतल्या आमच्या घोटावड्यात दिवाळीचा किल्ला म्हणजे खाचरातली चिकट माती, चिखलात बुचकळलेली गोणपाटं आणि वर पेरलेले अळीव. आमचा किल्ला बहुधा तिकोनाच असे, कारण तो पाहिलेला होता. माथ्यावर महाराज, उतारावर मावळे, गुहेत मावळ्याच्या दुप्पट वाघ. या जगात एक गोष्ट कधीच घडत नसे. किल्ला पडत नसे. अफजलखानाचं चित्र असे, पण त्याचं काय होणार हे ते मांडायच्या आधीच ठरलेलं.

मामाकडे ‘चांदोबा’चे जुने अंक होते. विक्रम प्रेत खांद्यावर घेई, वेताळाच्या प्रश्नावर न राहवून बोलून बसे, आणि वेताळ पुन्हा झाडावर. इथे चक्क राजा हरत होता, तोही दर महिन्याला! मला हे किल्ल्याहून जास्त आवडे. घरात तसं बोलायची सोय नव्हती.

पुण्यात हॉस्टेलवर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ भेटला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये काढलेला खेळ. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि वार बसला की हुकला ते वीस बाजूंच्या फाशावर सोडायचं. आमचं जग ‘फरगॉटन रेल्म्स’. एड ग्रीनवुड लहानपणापासून ते मनाशी रचत आला होता. १९८७ मध्ये ते पेटीबंद होऊन बाजारात आलं. त्याच्या नकाशांच्या झेरॉक्स मी खोलीच्या भिंतीवर चिकटवल्या होत्या. गाव, नदी, खिंड, सगळ्याला नाव. त्या वयात काठोकाठ भरलेलाच नकाशा हवा असतो. आमच्यातल्या कुणी बर्फ पाहिलेला नव्हता, तरी एका रात्री अख्खं टोळकं बर्फाच्या वादळात गारठून मेलं आणि आठवडाभर मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. मला खेळाचा नाद लागला तो तेव्हा.

त्याच खेळाच्या १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आपला राक्षस आहे. तोंड वाघाचं, स्वारी पाईप ओढत बसलेली! मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की खलास. हसून हसून पुरेवाट झाली. १९८० च्या देवदेवतांच्या पुस्तकापाशी मात्र हसू थांबलं. इंद्र, अग्नी, काली. प्रत्येकापुढे हिट पॉइंट, म्हणजे किती घाव सोसल्यावर संपणार याचा आकडा. एक जण म्हणाला, इंद्राशी लढू या, तो पुराणातही हरतोच. कालीचं पान कुणी उघडं ठेवलं नाही. एल्फ आणि ड्रॅगन आम्हाला इतके का जवळचे वाटायचे, त्याचं उत्तर त्या मिटलेल्या पानात होतं. ते मेले तर घरी कुणाला सुतक नव्हतं.

नोकरी हिंजवडीत लागली आणि मी पुन्हा घोटावड्यात राहायला आलो. त्याच सुमारास ‘डार्क सन’ हे त्याच खेळाचं दुसरं जग हाती पडलं, १९९१ चं. त्यातल्या एथसवर धातू दुर्मीळ, पाणीही मोलाचं. जादू करायची तर भोवतालच्या हिरवळीतला जीव ओढून घ्यायचा, मागे राख. रेल्म्समध्ये जादू फुकट होती; इथे तिचं बिल दुसऱ्याच्या रानाला. मुळशीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करतं. ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या, ते १९२१ पासून १९२४ पर्यंत सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहात लढले, आणि तरीही धरण झालंच. हरलेल्या लढाईची गोष्ट आमच्याकडे होती की! दिवाळीत तिची चित्रं कुणी मांडली नाहीत, एवढंच.

हल्ली रविवारी माझ्याकडे जमणाऱ्या पोरांना ‘डार्क सन’ नको असतं. “दादा, सुट्टीच्या दिवशी पण दुष्काळ?” ऑर्क म्हणजे जन्मजात दुष्ट, हेही त्यांना पटत नाही; खुद्द खेळ काढणाऱ्या कंपनीनेच २०२० मध्ये हे बदलू असं जाहीर केलं. २०२१ च्या ‘द वाइल्ड बियॉन्ड द विचलाइट’मध्ये तर एकही लढाई न करता शेवट गाठता येतो. एकदा अख्खी संध्याकाळ या मंडळींनी एका गॉब्लिनाशी आल्याच्या भावावरून घासाघीस केली, कारण त्यांना चहाची टपरी टाकायची होती. खोटं कशाला बोलू, मी जांभया देत होतो. पुढे टपरी बुडाली तेव्हा त्यातली एक खरोखर रडवेली झाली, आणि माझी जांभई जागच्या जागी राहिली.

२०२२ च्या ‘रेडियंट सिटाडेल’च्या पुस्तकात मिमी मोंडल यांनी बंगालवरून शंखभूमी रचली आहे. ती खेळून झाल्यावर तीच टपरीवाली म्हणाली, मग मुळशी का नाही? म्हणून मांडायला घेतलं आहे. खाचरं, देवराई, शिवेवरचा म्हसोबा.

“म्हसोबाचे हिट पॉइंट किती?”

“नाहीत.”

“मग त्याच्याशी वाकडं आलं तर?”

“कौल लावायचा.”

फाशाला उजवं-डावं नसतं, म्हणून अकरा आणि त्यावर पडलं तर उजवा कौल असं मी लिहून ठेवलं. गावातल्या देवळाला लागून घर असलेला एक मुलगा ऐकायला तयार नाही. त्याचं म्हणणं, देव इतक्यांदा हो म्हणत नसतो, पंधरा करा. दोन रविवार त्यातच गेले आणि अजून कुणी शीव ओलांडलेली नाही.