आगगाडीतली आग

मराठी भाषेतल्या काही शब्दांचे मला नेहमी नवल वाटते. ज्या गोष्टीवरून ते शब्द घडले ती गोष्ट जगातून निघून जाते. शब्द मात्र आपल्या जागी उभा असतो. 'आगगाडी' हा असाच एक शब्द. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही लोहमार्गाच्या काठी वाढलेली गावे. येथील मुले दिवसातून शंभरदा गाडीचा आवाज ऐकतात. पण आगगाडीत आग कोठे असते, असे विचारले तर ती एकमेकांकडे पाहू लागतात. विजेवर धावणाऱ्या गाडीत आग कोठून असणार?

एके काळी ती खरोखरच होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी आली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे ३४ किलोमीटर ओढून आणले. पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. इंजिनाच्या भट्टीत आग धगधगे, बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होई, ती वाफ सिलिंडरातल्या दट्ट्याला रेटी आणि दट्ट्याच्या मागेपुढे होण्याने चाके फिरत. माझ्या लहानपणी आमच्या लोकल गाड्या विजेवरच चालत. परंतु नेरळला गेले की माथेरानच्या चिमुकल्या गाडीचे वाफेचे इंजिन दिसे. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गाच्या दोन रुळांमध्ये अवघे दोन फूट अंतर. चढणीला लागताच ते इंजिन अशा धापा टाकी, की त्याला घोटभर पाणी पाजावे असे आम्हां मुलांना वाटे.

ही आग हळूहळू विझत गेली. १९७२ साली चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. डिसेंबर १९९५ मध्ये आपल्या देशातील ब्रॉड गेज मार्गावरची वाफेच्या इंजिनाची अखेरची नियमित गाडीही थांबली. थोडी इंजिने संग्रहालयांत गेली. बाकीची भंगारात मोडली गेली. लोखंडाला काय, वितळले की दुसरे रूप मिळते. पण रूपाबरोबर आठवणही वितळते, त्याचे काय करावे?

या प्रश्नाला पुण्यातील एका कारागिराने आपल्या हातांनी उत्तर दिले. त्यांचे नाव भाऊसाहेब जोशी. उपकरणे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय आणि छोट्या आगगाड्या हा त्यांचा छंद. या छंदासाठी त्यांनी कोथरुडात छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. वाफेची शेवटची गाडी थांबून तेव्हा अडीच वर्षेही लोटली नव्हती. भाऊसाहेबांची आणि माझी भेट कधी झाली नाही. माझी त्यांची ओळख आहे ती त्यांच्या कामातून. आणि कारागिराची खरी ओळख तीच, असे मी मानतो.

मुख्याध्यापक असताना मी एकदा सातवीच्या मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. एका दालनात सबंध गाव वसलेले. त्यात स्थानके, पूल, सिग्नल, सर्कस, पोहण्याचा तलाव. नियंत्रणफलकावरची कळ दाबली की गाड्या निघत, थांबत, रूळ बदलत. मग दालनातला प्रकाश मंद झाला. त्या गावात रात्र पडली आणि घराघरांत बोटाच्या पेरापेक्षाही लहान खिडक्या उजळल्या. एवढ्यात वाफेच्या इंजिनाचे एक छोटे रूप धुराड्यातून धूर सोडीत वळणावरून आले. चाळीस मुलांचा गलबला एकदम थांबला. 'आगगाडी' या शब्दात काय भरलेले आहे, हे फळ्यावर लिहून मला कधी इतके चांगले सांगता आले नव्हते.

मुलांमध्ये एक मुलगा होता. वर्गात धडा वाचावयास उभा केला की तो दर ओळीला अडखळे. त्याचे वडील कल्याणच्या यार्डात कामाला होते. गाडीने रूळ बदलला तेव्हा तो आपण होऊन मित्रांना सांगू लागला, "तो बघ सांधा! आधी सांधा नीट बसला पाहिजे, मग सिग्नल द्यायचा. उलटं केलं तर गाडी भलत्याच मार्गाला जाईल." तो सलग बोलत होता, एकदाही अडखळला नाही. मी आयुष्यभर मुलांना व्याकरणातील संधी शिकविला. रुळांचा सांधा मला त्या दिवशी त्या मुलाने शिकविला. त्यानंतर वाचनाच्या तासाला मी त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

खेळणे आणि प्रतिकृती यांत मोठा फरक आहे. खेळण्याने मन रिझविले की त्याचे काम झाले. प्रतिकृतीला खरे बोलावे लागते. अशा छोट्या रेल्वेचे एक प्रमाण जगभर रूढ आहे, ते म्हणजे १:८७. या प्रमाणात आपल्या ब्रॉड गेजचे १६७६ मिलिमीटरचे अंतर जेमतेम १९ मिलिमीटर होते आणि उभा माणूस दोन सेंटिमीटरचा. खऱ्या इंजिनावर बोटभर चूक खपून जाईल. येथे केसभर चुकले तरी चाक रुळावरून उतरते. वस्तू जितकी लहान, तितकी कारागिराची परीक्षा कठीण.

परंतु एवढ्याशा इंजिनात खरी आग पेटविता येते काय? बहुधा नाही. ते चालते विजेवर, आणि धूर असतो तापविलेल्या तेलाचा. याचे कारण गणितात आहे. लांबी, रुंदी, उंची ही प्रत्येकी ८७ पटींनी घटली की पाणी साडेसहा लाख पटींहून अधिक घटते. पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त साडेसात हजार पटींच्या आसपास घटतो. बंबातले पाणी कितीतरी वेळ गरम राहते. वाटीतले पाहता पाहता निवते, तसेच हे. माणूस इंजिन लहान करू शकतो. सृष्टीचे नियम लहान करता येत नाहीत.

तरीही इंग्लंडमध्ये एका कारागिराने ही आग जपली. आकार थोडा वाढवून, अडीच इंच रुंदीच्या रुळांवर चालणारे 'आयेशा' नावाचे इंजिन त्याने तयार केले. एवढे लहान कोळशाचे इंजिन माणसाला ओढील, यावर त्या काळी अनेकांचा विश्वास नव्हता. आयेशाने खऱ्या कोळशाच्या आगीवर मोठी माणसे ओढून दाखविली. हा गृहस्थ तरुणपणी ज्या रेल्वे कंपनीत काम करीत होता, तिच्याच नावाची आद्याक्षरे घेऊन 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने तो लिही. १९२४ पासून कित्येक वर्षे त्याने एका नियतकालिकातून घरच्या घरी इंजिन कसे करावे हे साध्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले. १९६७ साली तो वारला. त्याने सांगितलेल्या रीतीने लोक आजही इंजिने करतात.

"या खटाटोपाचा उपयोग काय?" असे एका पालकांनी सहलीनंतर मला विचारले होते. प्रश्न रास्त होता. या गाडीने कोणी कामावर जात नाही, की कोणाच्या घरी धान्य येत नाही. मी त्यांना इतकेच म्हणालो, "आपला मुलगा घरी आल्यावर काय बोलला, ते आठवून पाहा." ते हसले. मुलाने रात्री उशिरापर्यंत त्यांना सिग्नलविषयीच विचारले होते!

मुलांनो, ज्याने एक वस्तू मनापासून न्याहाळली, तिचा प्रत्येक भाग मोजला, चुकला तेथे पुन्हा केला आणि जे साधले ते चार लोकांपुढे मांडले, त्याने आपल्या वाट्याचे ज्ञान पुढल्या पिढीच्या हाती दिले. भाऊसाहेबांनी हेच केले. नेरळ स्थानकाजवळ माथेरानचे एक जुने इंजिन जपून ठेवले आहे. कधी तेथे गेलात तर नुसते छायाचित्र काढून परतू नका. सिलिंडर कोठे आहे, दट्ट्याचा दांडा कोणत्या चाकाला जोडला आहे, ते शोधा आणि वहीत त्याचे चित्र काढा. चित्र साधेल तेव्हा साधेल. त्या दिवशी तुम्ही एक वस्तू नीट पाहिलेली असेल, आणि कारागिरीचा पहिला धडा तोच आहे.