रिक्षा गेली, कारखाना नाही गेला

श्रीलंकेला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, तिथे सगळ्यात ओळखीचं काय दिसलं? उत्तर ठरलेलं. बजाजची रिक्षा! नोंदणी झालेल्या रिक्षा दहा लाखांच्या वर, म्हणजे साधारण वीस माणसांमागे एक.

आम्ही निगडीकर, त्यामुळे बजाज म्हटलं की आधी कॉलर ताठ. (आकुर्डीतलं उत्पादन 2007 मध्येच थांबलं आणि रिक्षा बनते वाळूजला, पण तेवढं कोण बघतंय.) माझ्या जाफन्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने मात्र एकदा चहा पिता पिता हवाच काढली. "युद्ध 2009 ला संपलं. तुमच्या रिक्षा लगेच आल्या. कारखाना का नाही आला?"

मी तेव्हा काहीतरी मोघम बोललो. पण प्रश्न डोक्यात राहिला.

सव्वीस वर्षांच्या युद्धानंतर उत्तरेचे रस्ते उघडले, त्यांच्यामागून बँका आणि लीजिंगवाले पोचले. नोकऱ्या नव्हत्या, पण हप्त्यावर रिक्षा मिळत होती. म्हणजे पोरगा नोकरी शोधत नाही, विकत घेतो. जाफन्याजवळ कांकेसंथुराईचा सिमेंट कारखाना होता, 1950 चा. तो युद्धात, 1990 मध्ये बंद पडला. शांतता आल्यावरही वर्षानुवर्षं तसाच. किलिनोच्चीला एमएएस कंपनीने कपडे शिवायचा कारखाना काढला, बायकांना काम मिळालं, हे चांगलंच झालं. पण एका कारखान्याने पट्टा तयार होत नाही ना.

आता गंमत बघा. त्याच 2009 मध्ये, मार्चमध्ये, चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मन लोक काय आपल्यावर उपकार करायला आले नव्हते. इथे सकाळी ड्रॉइंग दिलं तर संध्याकाळी सॅम्पल हातात ठेवणारा भोसरीत कोणीतरी सापडतो. पण हा भोसरीवाला आकाशातून पडला का? फाळणीनंतर पिंपरीत निर्वासितांचा कॅम्प होता. 1954 ला सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स काढली, 1962 ला एमआयडीसी आली, 1966 ला टेल्को. मोठ्यांच्या सावलीत शिकलेल्यांनी मग दोन लेथ टाकून शेड सुरू केल्या. फोक्सवॅगन यायला फाळणीपासून साठ वर्षं लागली राव! आणि मधे इथे कोणी कोणावर तोफा डागत नव्हतं.

श्रीलंकेतही जिथे कारण होतं तिथे कारखाना गेलाच. सिएट कंपनी युद्ध चालू असतानाच तिथल्या केलानीयात टायर बनवायला लागली, कारण रबर तिथलंच. मला तरी वाटतं, गुंतवणूकदार शांततेला घाबरत नाही तसा भुलतही नाही. त्याला शेजारी लेथवाला लागतो.

नुसतं विकत घेत राहिलं की डॉलर संपतात. मार्च 2020 मध्ये श्रीलंकेने गाड्यांची आयात बंद केली, एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जफेड थांबवली. त्या वर्षी क्यूआर कोड दाखवून रिक्षाला आठवड्याला पाच लिटर पेट्रोल. पाच लिटरवर धंदा काय करणार? खाजगी गाड्यांची आयात उघडायला फेब्रुवारी 2025 उजाडलं.

सहकारी आता टोरांटोत असतो. त्याचा चुलतभाऊ जाफन्यात रिक्षा चालवतो. तीच, 2011 ची. इंजिन दोनदा उघडून झालंय, दोन्ही वेळा गल्लीतल्याच एका मेकॅनिककडे. त्या मेकॅनिकने आता म्हणे स्वतःचा लेथ घेतलाय.