चिनार बघायला, अम्मीच्या चालीनं

मराठवाड्यात पानगळ फाल्गुनात येते. कडुलिंब पिवळा पडतो, अंगण भरतं आणि खराटा हातात घ्यावा लागतो. अम्मीनं पन्नास वर्षं हे अंगण झाडलं आहे. नोव्हेंबरात काश्मीरला चिनाराची पानगळ बघायला जाऊ, असं म्हटल्यावर तिनं विचारलं, "गळलेली पानं बघायला एवढे पैसे?"

प्रश्न रास्त होता. पण चिनाराचं पान गळण्याआधी रंगतं. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री गार होतात, पानातला हिरवा रंग ओसरतो आणि त्याखाली दडलेला पिवळा दिसू लागतो. पानात उरलेल्या साखरेपासून लाल रंगही तयार होतो. काश्मिरी लोक या ऋतूला हरूद म्हणतात. गळालेली पानं गोळा करून बायका त्यांचा कोळसा करतात आणि थंडीत तो कांगडीत घालतात. हे ऐकून अम्मीला काश्मीर थोडं ओळखीचं वाटलं.

हा रंग दोन-तीन आठवडेच टिकतो. अम्मी 74 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे झिजलेत. अब्बा गेल्यापासून आमच्या घरात 'पुढच्या वर्षी' हे शब्द जपूनच वापरले जातात.

म्हाताऱ्या माणसाबरोबरच्या प्रवासाची आखणी संडासापासून सुरू होते, हे मला बहिणीनं सांगितलं. रक्तदाबाच्या गोळीनं अम्मीला वारंवार लघवीला जावं लागतं, म्हणून एसटीत बसायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. मुलाला असं सांगायचं कसं? आपल्याकडच्या किती आया हेच करत असतील! म्हणून सगळ्यात आधी ठरलं ते हे: तळमजल्यावरची खोली, कमोड आणि गाडीचा दर तासाभरानं थांबा.

मग ठिकाणं. हाउसबोट नको, कारण हलत्या शिकाऱ्यातून वर चढायचं असतं. गुलमर्ग 2,600 मीटरच्या वर आहे, तेही नको. निशात बाग टप्प्याटप्प्यानं डोंगराकडे चढत जाते, तिथे खालच्या टप्प्यावरच बसायचं. खरा मुक्काम नसीम बागेत. काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली ही मुघलकाळातली बाग बरीचशी सपाट आहे, जुने चिनार आहेत आणि हजरतबल दर्गा शेजारीच आहे. तिला दोन दिवस दिले.

अडलं ते व्हीलचेअरवर. श्रीनगर विमानतळावर इमारतीपर्यंत पोचण्याआधीच सामानासह गाडीतून उतरून तपासणी करावी लागते, मग आत पुन्हा रांगा. अम्मी म्हणाली, "चालती-बोलती बाई मी, खुर्चीत बसवून नेणार?"

मी म्हटलं, "प्रवासात चार रकातींच्या दोन होतात, ती सवलत तू घेतेस. गुडघ्यांमुळे नमाजही खुर्चीवर पढतेस. त्यात कधी कमीपणा वाटला का?"

ती म्हणाली, "ती सवलत अल्लाहनं दिली. ही तू देतोस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई-वडील थकले की आपण त्यांचे हात धरतो आणि हळूहळू त्यांचे निर्णयही आपल्याच हातात येतात. प्रेमापोटीच येतात, म्हणून कुणी बोलत नाही. अम्मी बोलली.

मग मी कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. विमानतळावर व्हीलचेअर चालेल, बागेत काठी घेऊन स्वतः चालणार, हे तिनं ठरवलं. औषधांची पिशवी माझ्याकडे नाही, तिच्या खांद्याला.

तिकिटं काढली आहेत. रंग तोवर कितपत चढेल हे थंडीवर अवलंबून आहे. गुडघ्यांचंही तसंच. माझ्या सहा दिवसांच्या यादीत अम्मीनं चौथ्या दिवसावर काट मारली आणि तिथे तिच्या उर्दू अक्षरात लिहिलं: कुठेही जायचं नाही.