वांद्र्याची पाटी



आज चिकूबद्दल थोडंच लिहितो. तोडणी चालू आहे, भाव तुम्हाला ठाऊकच आहे. आज शाळेबद्दल लिहायचं आहे, आणि त्यात माझीच चूक सांगायची आहे. म्हणून पंधरा दिवस टाळत होतो.

जानेवारीतला रविवार. डहाणू रोडहून चर्चगेट लोकल पकडली. बरोबर दोन क्रेट कालीपत्ती, एक पिशवी घरच्या भाजीची आणि नातू. मुलगा आणि सूनबाई वांद्रे पूर्वेला खेरवाडीत भाड्याच्या खोलीत राहतात. दोघांची नोकरी, खोली लहान, म्हणून नातू पहिलीपासून आमच्याकडे घोलवड भागातच शिकतो. आता तिसरीत आहे. सीझनमध्ये पंधरा दिवसांनी मी जातो, मुलाच्या चाळीतली आणि आजूबाजूची गिऱ्हाईकं ठरलेली आहेत.

वांद्र्याला उतरलो. मुलगा क्रेट घ्यायला फलाटावर आला होता. गंमत म्हणून त्याने पोराला विचारलं, "कुठलं स्टेशन रे हे? वाच बघू पाटी."

पोराने मान वर केली. "वां..." म्हणाला आणि अडकला. पुढचं जोडाक्षर काही त्याला सुटेना. माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग एकदम म्हणाला, "बांद्रा! मला माहितीय." ते त्याने वाचलं नव्हतं. गाडीत ऐकलं होतं.

मुलगा तिथे काही बोलला नाही. रात्री जेवणं झाल्यावर हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष ना?"

बस, एवढंच. पण मंडळी, एखाद्याने थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाला, जूनमध्ये त्याला इकडेच आणतो, इथल्या शाळेत घालतो. दुपारी पोराकडे कोण बघणार, झोपणार कुठे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आणि पोराला वाचता का येत नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात चारात तीन पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. नातू माझ्याकडे म्हणून पालक म्हणून मी समितीत आलो, आणि गावात चार लोक ओळखतात म्हणून अध्यक्ष झालो. दोन वर्षं दर महिन्याला सभेच्या वहीवर सही करतोय. शौचालयाचं दार, कंपाउंड, पाण्याची टाकी, खिचडीचा तांदूळ, पंधरा ऑगस्टचा खाऊ, सगळं विचारलं. पोरांना वाचता येतं का, हे एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं ते गुरुजींचं काम, आपण त्यात कशाला तोंड घाला.

चिकूवाल्याने तरी असं म्हणायला नको होतं. चिकूच्या झाडावर एकाच वेळी फूल असतं, कोवळं फळ असतं आणि तोडणीचं फळही असतं. लांबून सगळी तपकिरी, सगळी सारखीच. फळ तयार आहे का, हे नखाने साल जरा खरवडल्यावर कळतं. आत हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर तोडायचं. मी झाडाखाली उभा राहून फळाला नख लावल्याशिवाय तोडत नाही, आणि शाळेत दोन वर्षं लांबूनच "छान आहे, छान आहे" करत होतो.

फेब्रुवारीच्या सभेत मी विषय काढला. खरं सांगतो, जरा चढ्या आवाजातच काढला. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, दोन वर्षांत तुम्ही हे आज पहिल्यांदा विचारलंत."

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. पाचवीपर्यंतची शाळा, पोरं अडतीस, शिक्षक दोन. कायद्याच्या तक्त्यात साठ पोरांपर्यंत दोनच शिक्षक. प्राथमिक शाळेला मुख्याध्यापकाची वेगळी जागा मिळते ती दीडशेच्या वर पोरं असतील तेव्हा. म्हणजे आमच्यासारख्या शाळेला मुख्याध्यापक असा नसतोच. दोघांतलाच एक जण प्रभारी. त्याने तीन वर्ग शिकवायचे, खिचडीचा हिशोब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, मतदार यादीचं काम आलं की तेही करायचं. उरलेल्या वेळात तो मुख्याध्यापक. मी ज्याला नावं ठेवायला गेलो होतो, तो माणूस एकटाच गाडा ओढत होता.

मंडळी, आपण म्हणतो शाळेला चांगला प्रमुख पाहिजे. खरंच आहे. पण चांगला प्रमुख म्हणजे काय, याचं उत्तर आमच्या शेजारीच आहे आणि आम्ही ते विसरलो. कोसबाडची टेकडी. आम्ही शेतकरी तिथे कृषी विज्ञान केंद्रात रोगराईचं विचारायला जातो. त्याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आयुष्य काढलं. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, १९५७ ला ते काम कोसबाडला आलं. आदिवासी पाड्यांवरची पोरं शाळेत येत नव्हती. ती का येत नाहीत हे या बायांनी पाड्यावर जाऊन बघितलं. लहानगी घरच्या अंगणात असतात, तर अंगणातच बालवाडी भरवली. मोठी पोरं गुरं चारायला जातात, तर कुरणातच शाळा नेली. तिचं नावच कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. पोर आहे तिथे शाळा गेली.

आणि अलीकडचं बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. पेपरात क्यूआर कोडचं जास्त आलं. मला मात्र दुसरी गोष्ट मोठी वाटते. पोरांच्या घरात कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत, म्हणून पोरं अडतात, हे त्यांनी ओळखलं आणि स्वतः कन्नड शिकले. म्हणजे इथेही तेच. पोर नेमकं कुठे अडलं, हे आधी जाऊन बघितलं.

पण प्रत्येक गावाला अनुताई आणि डिसले गुरुजी कुठून आणायचे? आमच्याकडे दोन दमलेले शिक्षक आणि समितीतले आम्ही. मग ठरवलं की निदान बघायचं काम आपण वाटून घ्यायचं.

शंभर पानी एक वही केली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर समितीतल्या प्रत्येकाने चार-पाच पोरांना वाचायला लावायचं. नावापुढे फक्त एवढं लिहायचं: अक्षरावर आहे, शब्दावर आहे, उताऱ्यावर आहे की गोष्ट वाचतो. ही पद्धत आमची नाही, गुरुजींनीच सांगितली. प्रथम संस्थेची मंडळी २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करतात, ते घरोघर जाऊन पोरांना असंच वाचायला लावतात. आणि गंमत अशी की ही संस्था सुरू झाली तीच मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधून.

समितीतल्या एका बाईंना स्वतःला वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, मी काय ऐकणार? मग स्वतःच म्हणाल्या, "पोरगा अडखळला तर मला कळेल की. अडखळणं ऐकायला शाळा कशाला लागते?" सगळ्यात नेमक्या खुणा त्यांच्याच असतात. पोर कुठे थांबलं, तिथे बोट ठेवतात आणि गुरुजींना बोलावतात.

पहिल्या शनिवारी चौथी-पाचवीतली सहा पोरं शब्दावरच अडकलेली निघाली. माझा नातू जोडाक्षरावर. दोन पोरं तर वीटभट्टीवर गेलेल्या आईबापाबरोबर महिना महिना बाहेर असतात, हे वहीमुळे कळलं. नाहीतर हजेरीत ती नुसती गैरहजर. गुरुजींनी मग रोज सकाळचा पाऊण तास वर्ग मोडून पोरं बसवली. कोण कितवीत आहे ते बाजूला, कोण कुठे अडलंय तसे गट. शब्दवाली एकीकडे, जोडाक्षरवाली दुसरीकडे. खिचडीचा हिशोब मी आणि आणखी एक पालक लिहून देतो, गुरुजी तपासून सही करतात. त्यांचा तेवढा वेळ मोकळा झाला.

फार मोठं काही झालेलं नाही, उगाच फुगवून सांगत नाही. सहापैकी तीन पोरं उताऱ्यावर आली. तीन अजून तिथेच आहेत. वीटभट्टीवाल्या दोघांचं काय करायचं, ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. गुरुजींची बदली कधी ना कधी होणारच. पण वही समितीकडे राहील. नवीन गुरुजी आले की पहिल्या दिवशी त्यांच्या हातात देऊ, म्हणजे त्यांना पहिल्यापासून सुरुवात करायला नको.

परीक्षा झाल्यावर परवा नातवाला घेऊन पुन्हा वांद्र्याला गेलो. उतरलो तेव्हा मी काही बोललो नाही, मुलगाही बोलला नाही. पोरगं आपणहून पाटीखाली उभं राहिलं. "वां... द्... द्रे. वांद्रे." मग खाली बघितलं आणि विचारलं, "आबा, वरती व आहे आणि हिंदीत ब का?"

मला सांगता आलं नाही. गुरुजींना विचार म्हटलं.

मुलाने जूनचं अजून पक्कं सांगितलेलं नाही. पोराने आईबापाजवळ राहावं असं त्याला वाटतं, ते चूक कसं म्हणू? पण त्या रात्री त्याने वहीचं सगळं विचारून घेतलं. म्हणाला, "बाबा, वाचता येत नाही म्हणून आणत होतो. ते कारण आता उरलं नाही. बाकीचं बघू." नातू इकडे राहो की तिकडे, शाळेत बाकीची सदतीस पोरं आहेतच, आणि पहिल्या शनिवारी मी जाणार.

तुमच्या गावातल्या शाळेची समिती कोण आहे, विचारा. तुम्हीच असाल तर सही करण्याआधी एक पोर जवळ बसवा आणि वाचायला लावा. काय ऐकू आलं ते खाली लिहा. चांगलं लिहा, वाईटही लिहा.

उद्या पहाटे तोडणी आहे. थांबतो.

राम राम.