गुणाकाराचा क्रम

भावाने वजनाला गुणले काय किंवा वजनाने भावाला गुणले काय, रक्कम तीच येते. धान्याच्या पेढीवर लहानाचा मोठा झालेल्या त्याला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. म्हणूनच एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी फळ्यावर मांडलेले पुंजयामिकीचे सूत्र त्याच्या गळी उतरेना. स्थान आणि संवेग यांचा गुणाकार क्रम बदलताच बदलतो, असे ते सूत्र सांगत होते. त्याने ते पाठ केले आणि परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. त्याच वर्षी वडील निवर्तले. तो गादीवर बसला. ‘सरांनी नीट शिकवले नाही,’ असे मात्र पुढे ३० वर्षे तो सांगत राहिला.

मुलगा पेढी सांभाळू लागल्यावर, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून, तो जुनी पुस्तके उघडू लागला. या वेळी आरंभ अभिजात यामिकीपासून केला. तेथे त्याला प्वासाँचा कंस भेटला. कोणतीही राशी आणि एकूण ऊर्जा यांचा कंस मांडला की ती राशी काळानुसार कशी बदलेल ते कळते. स्थान आणि संवेग यांच्या कंसाचे मूल्य मात्र नेहमी १.

१९२५ च्या ऑक्टोबरात केंब्रिजमधील २३ वर्षांचा पॉल डिरॅक याच कोड्यापाशी थांबला होता. हायझेनबर्गच्या नव्या लेखातील गुणाकारांचा फरक आणि प्वासाँचा कंस यांचे नाते असावे, असे एका रविवारी फिरताना त्याच्या मनात आले. पण कंसाची व्याख्या नेमकी आठवेना आणि ग्रंथालय बंद. रात्रभर धीर धरून सोमवारी सकाळी त्याने व्हिटेकरचा यामिकीवरील ग्रंथ उघडला. तर्क खरा ठरला. कंसाला ऋण एकाचे वर्गमूळ आणि प्लँकच्या स्थिरांकाचा दोन पायने भागलेला अंश यांनी गुणले की तो फरक मिळतो. ज्यूल-सेकंदांत लिहिताना या स्थिरांकात दशांशचिन्हापुढे ३३ शून्ये येतात. पेढीच्या काट्यावर तो कधी उमटणारच नाही. जुना नियम खोटा नव्हता. आपल्या नयापुरता तो सत्यच होता.

मग त्याने माळ्यावरून महाविद्यालयातील वही काढली. सरांनी हा कंस पहिल्याच सत्रात शिकवला होता. ‘जुने कशाला शिकायचे’ म्हणून त्याने ते तास बुडवले होते. वहीतील तेवढी पाने कोरी होती.

त्या वर्षी संवत्सरीला त्याने सरांना दूरध्वनी केला. ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हटले आणि कशाबद्दल, तेही सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग सरांनी एवढेच विचारले, “कंस कोणत्या पुस्तकातून केलास?”