लाडू, घोणस आणि मी

'तुमच्या फ्लॅटवर खरंच साप आहे?' कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी हे विचारतंच. आहे ना! म्हणजे माझा नाही, रूममेटचा. बाणेरच्या आमच्या टू बीएचकेमध्ये त्याच्या टेबलाशेजारी काचेची पेटी आहे आणि त्या पेटीत बॉल पायथन. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी, लांबी जेमतेम साडेतीन फूट. घाबरला की डोकं आत ओढून स्वतःचा गोल गोळा करतो. म्हणून त्याचं घरातलं नाव लाडू.

आता तुम्ही म्हणाल, हे कायद्यात बसतं का? आपल्याकडचा साप, मग ती धामण असो, मांडूळ असो की नाग, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. लाडूसारख्या परदेशी जातींसाठी २०२४ मध्ये नियम आले आणि परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. रूमीने ती केलीय. कागदपत्रांच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा शिस्तीचा आहे.

पहिल्या महिन्यात लाडू मला दोनदा चावला.

दोन्ही वेळा चूक माझी होती. पहिल्यांदा मी वरून हात घातला. सापाच्या डोक्यावरून येणारी सावली म्हणजे घार किंवा ससाणा, हे त्याच्या रक्तातच आहे. त्याने मान इंग्रजी 'एस'सारखी केली, फूत्कार सोडला, आणि मी 'अले अले, चिडला का' म्हणत हात पुढे नेला. खटॅक! दुसऱ्यांदा मी त्याचा उंदीर फ्रीजरमधून काढून गरम पाण्यात ठेवला आणि हात न धुताच पेटी उघडली. यावेळी तो चिडलाच नव्हता. माझ्या बोटांना जेवणाचा वास होता आणि लाडूच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. गरम आणि उंदराचा वास म्हणजे जेवण, इतका साधा हिशेब. त्याने बोट धरून वेटोळं घातलं आणि मी हात ओढला. ती तिसरी चूक. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की जखम फाटते. शांत राहून तो सोडेपर्यंत थांबायचं, नाहीच सोडलं तर थंड पाण्याची धार धरायची. हे मला नंतर कळलं, डेटॉल लावताना.

मग मी शिकलो. हात साबणाने धुवायचे. आधी हुकने पाठीला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे त्याला कळतं की आता जेवण नाही. हात बाजूने न्यायचा, शरीराला दोन ठिकाणी आधार द्यायचा, मान कधीच पकडायची नाही. जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो सगळं ओकतो. डोळे दुधाळ दिसायला लागले म्हणजे कात टाकायची वेळ आली. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो जास्त घाबरतो. तेव्हाही सुट्टी. एरवी दहा-पंधरा मिनिटं पुरे. तीन महिन्यांत लाडू माझ्या मनगटावर घड्याळासारखा बसायला लागला. ऑफिसमध्ये फोटो फिरले आणि 'स्नेकमॅन' अशी पदवी मिळाली. खरं सांगतो, डोक्यात हवा गेली.

तर गेल्या दिवाळीत ही हवा घेऊन मी मामाकडे गेलो. परभणीपर्यंत ट्रॅव्हल्स, पुढे एसटीने गंगाखेड आणि तिथून मामाच्या मोटारसायकलवर शेत. गोदावरीकाठची काळी जमीन, एका बाजूला फुटलेला कापूस, दुसरीकडे काढून ठेवलेल्या सोयाबीनची सुडी, वर ताडपत्री. पाऊस येतो की काय म्हणून मळणीची घाई. सकाळी मामा म्हणाला, "भाचेराव, तेवढी ताडपत्री त्या टोकाकडून धरा."

मी टोक उचललं. खाली वेटोळं घालून तपकिरी, जाडसर, पाठीवर मोठे मोठे ठिपके असलेला साप. दोन फूट असेल नसेल. मला तर आनंदच झाला!

"मामा, अजगराचं पिल्लू!" मी ओरडलो. आणि शेजारी पडलेली काठी हुकसारखी धरून वाकलो. बाजूने जायचं, हळू जायचं, सगळं पाठ होतं. हातभर अंतर राहिलं असेल. तेवढ्यात कुकरची शिट्टी सुरू झाल्यासारखा आवाज आला. लाडूचा फूत्कार म्हणजे सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा असतो. हा आवाज थांबतच नव्हता. आणि त्याच क्षणी माझी कॉलर मागे ओढली गेली. मी सरळ ढेकळांत बसलो.

"घोणस हाय ती! काय करायलास लेका!"

मामाचा आवाज कापत होता. मी त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं.

नंतर शांतपणे, लांबून, पाहिलं. अजगराच्या अंगावरचे ठिपके वेडेवाकडे, तुटक असतात. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, ठिपक्यांना काळी कड, डोकं त्रिकोणी. पुस्तकात फरक सोपा वाटतो. धुळीत, सावलीत, वेटोळ्यात तो दिसत नाही. अजगर समजून घोणस उचलणारे लोक दरवर्षी चावून घेतात. घोणस तर पिल्लंच घालते आणि त्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून विष असतं. त्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, किडन्या निकामी होऊ शकतात. माझं तीन महिन्यांचं ट्रेनिंग मला नेमकं त्या तोंडापाशी घेऊन गेलं होतं.

मामाने गंगाखेडच्या सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत अर्धा तास मामा वीस फुटांवर उभा राहून नुसता तिच्याकडे बघत होता. ना काठी उगारली, ना दगड. नजर ठेवायची, म्हणजे साप कुठे गेला ते कळतं, एवढंच. सर्पमित्र पंचविशीतला पोरगा. मला वाटलं, आता शेपटी धरून उचलणार. त्याने आधी आम्हाला सगळ्यांना मागे घालवलं. मग पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्याच्या मागच्या तोंडाला घट्ट बांधलेली कापडी पिशवी. पाइपचं तोंड तिच्यासमोर ठेवलं आणि लांब हुकने तिला हलकेच वाट दाखवली. घाबरलेल्या सापाला अंधारं बीळ हवं असतं. ती आपणहून आत गेली. पिशवीची गाठ, डब्यात पिशवी, वनविभागाला फोन. फोटो नाही, गळ्यात घालणं नाही. हात एकदाही लागला नाही.

"तुमाला भ्या वाटत न्हाई का?" मामाच्या गड्याने विचारलं. "वाटतं की," तो म्हणाला. "वाटतंय तवर ठीक हाय."

दुपारी बाजेवर पडल्या पडल्या मामा बोलायला लागला. माझी आजी, म्हणजे त्याची आई, मी पाहिलेलीच नाही. ती 'वारली' एवढंच आई सांगायची. १९८३ च्या पावसाळ्यात घरात खाली अंथरुणावर झोपली होती. पहाटे पोटात कळा आल्या, पापण्या मिटायला लागल्या. मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, खूण दिसतही नाही. लोकांनी तिला मारुतीच्या देवळात नेलं, लिंबाचा पाला चारला. दवाखान्याची बैलगाडी जुंपेपर्यंत ऊन वर आलं होतं. मामा तेव्हा अकरा वर्षांचा. "तवापासनं साप दिसला की मी मारत न्हाई आन् हातबी लावत न्हाई," तो म्हणाला. "ज्याला कळतंय त्याला बोलावतो."

मी गप्प. काय बोलणार?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. आपल्या हिंजवडीच्या एसीत बसून हा आकडा कळत नाही, बाजेवर कळतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. म्हणून चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढायचं, हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने थेट दवाखाना. साप पकडून न्यायची गरज नसते. आणि घरात साप निघाला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

पुण्याला परतताना नीलिमकुमार खैरे आठवले. १९८० मध्ये ते पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले आणि एकही साप त्यांना चावला नाही. लहानपणी कात्रजच्या सर्पोद्यानात ही गोष्ट ऐकली तेव्हा वाटलं होतं, काय डेअरिंग! आता वाटतं, डेअरिंगपेक्षा त्यात धीर जास्त होता. साप उगाच चावत नाही, त्याला डिवचलं तर चावतो, हेच त्यांना दाखवायचं होतं. आक्रमक साप असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो नुसता घाबरलेला असतो आणि 'लांब हो' एवढं एकच वाक्य त्याला येतं.

फ्लॅटवर आल्यावर रूमीला सगळं सांगितलं. त्या रविवारी आम्ही पेटीत लपायला दोन जागा केल्या, एक उबदार कोपऱ्यात आणि एक थंड. आता पाहुणे आले की लाडूला बाहेर काढत नाही. त्याने मान वळवून 'एस' केला की मी पेटी बंद करतो आणि चहा टाकायला जातो. ऑफिसातलं 'स्नेकमॅन' प्रकरणही आपोआप थंडावलं.

परवा मामाचा फोन आला होता. सोयाबीनच्या भावाला शिव्या घालून झाल्यावर म्हणाला, "तुझा लाडू कसा हाय?"

"बरा आहे मामा. काल मान वाकडी करून बसला होता."

"मग?"

"मग काय, हात नाही लावला."

"शाणा झालास," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.